टाकीत कोण डोकावलं?

अहवाल वाचले तुमचे. रंगीत आलेख, जाडजूड बाइंडिंग आणि आत नुसत्या टाकलेल्या पाट्या! स्कॅनर चालवला, पोर्ट ५०२ उघडं सापडलं, शेरा मारला, 'मॉडबसला पासवर्ड नाही.' अरे, मॉडबस हा नियंत्रकांशी बोलायचा प्रोटोकॉल १९७९ सालचा. त्यात पासवर्डची सोयच नाही, हे सांगायला तुम्ही कशाला हवेत? त्या दारातून शिरलेला माणूस आपल्या प्रयोगशाळेतल्या पंपाचं काय करेल, ते लिहायचं होतं. पडद्याकडे जाणारा पातळीचा आकडा वाटेतच बदलला, तर पडद्यावर टाकी निम्मी दिसते आणि इकडे फरशीवर पाणी. एका तरी गटाने करून पाहिलं? टाकी समोर होती, चढायला स्टूल होतं.

इराणच्या नातांझ अणुकेंद्रात स्टक्सनेट या मालवेअरने हेच केलं. सेंट्रिफ्यूजचा वेग बिघडवला आणि देखरेख करणाऱ्यांना आधी टिपून ठेवलेले धडधाकट आकडे दाखवले. ते लिहिणाऱ्यांना सेंट्रिफ्यूज कशाने मोडतं हे ठाऊक होतं. तुम्हाला आपला पंप कोरडा चालला तर काय होतं, तेही माहीत नाही.

युक्रेनच्या वीजपुरवठ्यावरचा हल्ला मात्र सगळ्यांनी उतरवलाय. २३ डिसेंबर २०१५, माऊसचा बाण आपोआप फिरला, ब्रेकर उघडले, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. पण उपकेंद्रांत हुकूम पोचवणाऱ्या कन्व्हर्टरचं फर्मवेअर का नासवलं? ब्रेकर लांबून परत बसवता येऊ नयेत म्हणून. तक्रार केंद्राचे फोनही तुंबवून ठेवले. म्हणजे तुम्ही सावरायला काय काय कराल, ते हल्लेखोराने तुमच्या आधी मांडलं होतं. शेवटी माणसांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर बसवले, म्हणून काही तासांत दिवे आले.

मागचा बाक, हसू नका. तुमच्या फ्लोट स्विचला बगल देणारा जंपर कुणी मारला? 'सर, डेमो सारखा बंद पडत होता.' बंद पडावा म्हणूनच तो स्विच लावलाय! २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा नियंत्रकाची किल्ली 'प्रोग्रॅम'वरच राहिली होती, म्हणून ट्रायटन या मालवेअरला त्यात आपला कोड घुसवता आला. तिथेही कुणाला तरी सोयीचंच वाटलं असेल.

उद्या अहवाल नको. आधी तो जंपर काढा. एका गटाने टाकी ओसंडवायची, दुसऱ्याने पडद्यावर विसंबून न राहता ते ओळखायचं, मग अदलाबदल. आणि हे उद्योग याच खोलीत. बाहेरच्या एखाद्या पंपाला हात लावलात, तर पोलिसांत सोडवायला मी येणार नाही. फरशी पुसायची फडकी घरून आणा.