हौशी लेखणीला हवा खरा वाचक

१९७३ साली अमेरिकेतल्या ‘मेनॅजरी’ नावाच्या एका हौशी नियतकालिकात पॉला स्मिथ यांची अगदी छोटी गोष्ट छापून आली. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचे चाहते तेव्हा मालिकेतली पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी लिहीत, पदरमोड करून छापत आणि टपालाने एकमेकांना पाठवत. स्मिथबाईंच्या गोष्टीची नायिका होती लेफ्टनंट मेरी स्यू. वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी. कॅप्टन कर्क तिच्या प्रेमात पडतो, तर्ककठोर स्पॉकवर तिच्या बुद्धीची छाप पडते, ती यानाचा कारभार लीलया सांभाळते, नोबेल शांतता पुरस्कार मिळवते आणि शेवटी सगळ्यांना रडवून मरते. त्या काळी चाहत्यांच्या लेखनात अशा नायिकांचा सुळसुळाट झाला होता. लिहिणारी स्वतःच्या स्वप्नात इतकी रमायची की कर्क आणि स्पॉक नुसते टाळ्या वाजवायला उरायचे. हा दोष स्मिथबाईंनी हसत हसत दाखवला.

मराठी वाचकाला ही तऱ्हा ओळखीची आहे. ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ आणली, तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींच्या लकबी अशाच उघड्या पडल्या होत्या. चांगलं विडंबन बारकाईने वाचल्याशिवाय जमत नाही, म्हणून ती खरी टीका ठरते. पण मेरी स्यूचं पुढे जे झालं ते विचार करायला लावणारं आहे. ते नाव एक शिक्का होऊन बसलं. गोष्टीत कर्तबगार मुलगी दिसली रे दिसली की वाचणारे ‘मेरी स्यू’ म्हणून मोकळे होऊ लागले. चाहत्यांमध्ये राहून त्यांचा अभ्यास करणाऱ्या कमील बेकन-स्मिथ यांनी १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की, या शिक्क्याच्या धास्तीने काही लेखिकांनी स्त्री पात्रं लिहिणंच टाळलं. जी टीका लेखन सुधारावं म्हणून सुरू झाली, तिनेच लेखन आकसलं.

या अनुभवातून चाहत्यांचं जग शहाणं झालं, पण ते दुसऱ्या टोकाला गेलं असं मला वाटतं. आज फॅन फिक्शनचं, म्हणजे चाहत्यांच्या अशा लेखनाचं, सर्वांत मोठं घर म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ. २००९ साली ते सर्वांसाठी खुलं झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. या जगात आता एक अलिखित नियम रूढ झाला आहे : लेखकाने विचारल्याशिवाय दोष दाखवायचा नाही. त्यामागचा विचार हलका नाही. इथे कुणी मानधन घेत नाही. लिहिणाऱ्यांत बायका आणि कोवळ्या वयाच्या मुली मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांनी टिंगल सोसली आहे. फुकट पंगतीला बसलेल्या पाहुण्याने भाजीत मीठ कमी असल्याचं बोलून दाखवू नये, असा हा न्याय.

मला तो अर्धा पटतो. वाचकाने पैसे मोजलेले नाहीत, तेव्हा तक्रार करण्याचा हक्क त्याला नाही, हे खरंच. पण तक्रार आणि टीका या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार करणारा स्वतःला काय मिळालं नाही ते सांगतो. टीका करणारा गोष्टीला काय हवं होतं ते सांगतो. दुसरं काम करायला आधी गोष्ट मनापासून वाचावी लागते, तिला कुठे जायचं होतं ते ओळखावं लागतं. ज्याच्या लेखनाला हे कधीच मिळत नाही, त्याला वाचक भेटलाच नाही असं मी म्हणेन, मग कौतुकाचे शब्द कितीही येवोत.

फॅन फिक्शनमध्ये तर अशा टीकेला जी सोय आहे ती इतर हौशी लेखनात नाही. नवख्या लेखकाला ‘तुझा नायक असं वागणार नाही’ असं सांगितलं, की तो म्हणतो, ‘माझा नायक असाच आहे.’ तिथे बोलणं खुंटतं. शेरलॉक होम्स मात्र लिहिणाऱ्याचाही असतो आणि वाचणाऱ्याचाही.

समजा, एखाद्या मुलीने होम्स परत येतो त्या प्रसंगावर गोष्ट लिहिली. राइखेनबाखच्या धबधब्यात मेला म्हणून ज्याचा शोक झाला, तो होम्स तीन वर्षांनी वॉटसनसमोर उभा आहे. तिच्या गोष्टीत होम्स हुंदके देतो आणि दोन पानं माफी मागतो. ‘वा, डोळ्यांत पाणी आलं’ म्हटलं तर ती खूश होईल. ‘होम्स असा रडूबाई नाही’ म्हटलं तर हिरमुसेल. दोन्हींतून तिच्या हाती काही लागत नाही. खरा वाचक तिला मूळ कथांकडे नेतो. कॉनन डॉइलच्या ‘रिकामं घर’ या कथेत भान हरपतं ते वॉटसनचं, तो चक्क बेशुद्ध पडतो. होम्सचं प्रेम उघडं पडतं ते फार पुढे, तीन गॅरिडेबांच्या कथेत. वॉटसनच्या मांडीला गोळी लागते, होम्सचे ओठ थरथरतात, तो चाकूने वॉटसनची विजार फाडून जखम पाहतो आणि गोळी झाडणाऱ्याला बजावतो की वॉटसन मेला असता तर तू इथून जिवंत गेला नसतास. त्या एका क्षणात इतक्या वर्षांची साथ सार्थकी लागली, असं वॉटसनला वाटतं. मग वाचक विचारतो : ‘तुझ्या होम्सला माफी मागायचीच आहे, तर तो ती बोलून मागेल की काही करून?’ एवढ्या एका प्रश्नाने त्या मुलीला आपल्या दोन पानांचं काय करायचं ते कळू शकतं. तिची इच्छा कुणी नाकारली नाही. ती होम्सच्या स्वभावातून कशी फुलेल, याची वाट मात्र दिसली.

आपल्याकडे असा वाद कर्णावरून होतो. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचं ‘युगांत’ ही दोन्ही पुस्तकं १९६७ सालची. त्यांना फॅन फिक्शन म्हणता येणार नाही, पण सर्वांच्या मालकीच्या पात्राशी दोघांनीही झटापट केली आहे. सावंतांच्या कर्णावर जीव टाकणाऱ्याला इरावतीबाईंचं परखड वाचन जड जातं. तरीही दोन्ही वाचणाऱ्याला कर्ण अधिक कळतो.

अशा वाचनाने खरंच फरक पडतो का? सिसिलिया अ‍ॅरागॉन आणि केटी डेव्हिस यांनी ‘फॅनफिक्शन डॉट नेट’वरच्या १७ कोटींहून अधिक अभिप्रायांचा अभ्यास करून २०१९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात निव्वळ दुष्टपणाने केलेली टीका अगदी थोडी निघाली. वरवरचं कौतुक आणि ‘पुढचा भाग लवकर लिहा’ अशा विनवण्या मात्र भरपूर. ‘प्रतिलिपी’वरच्या मराठी धारावाहिक कथांखालीही हेच चित्र दिसतं. अभिप्राय वाढतात तशी लेखकाची शब्दसंपत्ती वाढताना दिसते, असाही अ‍ॅरागॉन आणि डेव्हिस यांचा निष्कर्ष आहे. त्या वाढीचं सगळं श्रेय अभिप्रायांना देता येणार नाही. पण वाचकांचा सहवास नवशिक्याला घडवतो, हे मानायला आधार नक्की आहे.

त्याहून बोलकं उदाहरण रिबेका ब्लॅक यांनी २००८ सालच्या पुस्तकात दिलं आहे. चीनमधून कॅनडात आलेली एक मुलगी, पुस्तकातलं तिचं नाव नानाको, इंग्रजी शिकता शिकता एका जपानी चित्रमालिकेवर इंग्रजीतून गोष्टी लिहू लागली. आपलं इंग्रजी कच्चं आहे, हे ती वाचकांना आधीच सांगून टाकायची. वाचकांनी तिच्या कथानकाला दाद दिली आणि भाषेच्या चुकाही समजावल्या. चुका कळल्या म्हणून तिने लिहिणं सोडलं नाही, उलट तिचा वाचकवर्ग वाढत गेला.

मराठीत हे काम एके काळी संपादक करत. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवोदिताच्या कथेवर ज्या निगुतीने काम करत, ते आजही आदराने सांगितलं जातं. पण छापायचं की परत पाठवायचं ही सत्ताही तिथे होती, आणि त्या सत्तेवर चिडून पुढच्या पिढीने ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. आज मोबाइलवर लिहिणाऱ्याच्या वाटेत असा दरबान नाही. ही मोकळीक मोलाची आहे, पण दरबानाबरोबर सोबतीही गेला. फॅन फिक्शनमध्ये प्रसिद्धीपूर्वी मसुदा वाचून देणारा ‘बीटा’ वाचक ती जागा भरून काढतो. त्याच्या हाती कसलीही सत्ता नाही. त्याचं म्हणणं टिकलं तर ते केवळ त्याने नीट वाचलं म्हणून टिकतं. टीकेचं इतकं बरोबरीचं नातं मला दुसरीकडे क्वचितच दिसतं.

या नात्याला काही पथ्यं आहेत. दोष जमेल तिथे खाजगीत आणि प्रसिद्धीआधी सांगावा. नेमकी ओळ दाखवावी. एका वेळी दोनच मुद्दे घ्यावेत, नवखा लेखक वीस पेलू शकत नाही. आवडनिवडीला दोष म्हणू नये. कुणाची जोडी कुणाशी जुळवायची हा लिहिणाऱ्याचा हक्क. आणि जे साधलं आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावं, कारण ‘हा संवाद का जमला’ हे कळलं तरच तो पुन्हा जमवता येतो.

मात्र पहिलं पाऊल लिहिणाऱ्यानेच टाकायला हवं. वाचकाला न विचारता बोलता येत नसेल, तर लेखकाने विचारावं, आणि प्रश्न नेमका असावा. ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘तिसऱ्या प्रसंगात वॉटसनचा राग पटतो का?’ असं विचारलं तर समोरच्याला पुन्हा वाचावं लागतं. हा प्रश्न विचारण्याची हिंमत ज्याने केली, तो मानधन मिळो न मिळो, पुस्तक निघो न निघो, लेखक झालाच आहे. अशा माणसाला गोड बोलून वाटेला लावणं हा मला त्याचा अपमान वाटतो. त्याला खरं उत्तर देणं हे वाचक म्हणून आपलं कर्तव्य आहे.