मागे जायचं यंत्र



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक ३० आणि ३१.

दिवाळीच्या सुट्टीत नारायणगावजवळ आमच्या गावी होतो. भाच्याने लागोपाठ दोन सिनेमे लावले. पहिला 'ॲक्शन रिप्ले', २०१० च्या दिवाळीतच आलेला. त्यात मुलगा यंत्रात बसून मागच्या काळात जातो आणि आईवडिलांचं बिनसलेलं नातं जुळवून येतो. दुसरा 'ग्राउंडहॉग डे', १९९३ चा. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या फिलला २ फेब्रुवारी हा एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागतो.

भाचा म्हणाला, "मामा, तुला असं मशीन मिळालं तर कुठं जाशील?"

मी चहाच्या निमित्ताने उठलो. उत्तर तयार होतं. अण्णा दर दिवाळीला म्हणायचे, "एकदा लेण्याद्रीला जाऊन येऊ रे." आणि मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की, आत्ता रिलीज आहे." तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. लेण्याद्री घरापासून तासाभराच्या आत आहे.

आमच्या तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी त्या टिपतात. म्हणजे भूतकाळ बघायचं यंत्र आपल्याकडे आहेच! पण तेही फक्त बघतं. तिकडच्या एका ताऱ्यालाही हात लावू शकत नाही.

मग दुसरी संधी म्हणजे नेमकं काय?

या दोन श्लोकांत भगवंत म्हणतात की, अगदी मोठा दुराचारी जरी अनन्य होऊन मला भजू लागला, तरी त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय योग्य आहे. आणि तो लवकरच धर्मात्मा होतो. नीट बघा, त्याने केलेलं घडलंच नाही असं देव इथे म्हणत नाहीत. मागचं तसंच आहे. बदललाय तो निश्चय, आणि देव माणसाला त्यावरून ओळखतात.

आपल्यातले कोडवाले लगेच समजतील. गिटमध्ये रिव्हर्ट केलं की चुकीची कमिट पुसली जात नाही. ती इतिहासात राहतेच, वर एक नवी कमिट येते. देवाची क्षमा मला तशी वाटते.

'ग्राउंडहॉग डे'मध्येही हेच आहे. रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याला वाचवायला फिल पुन्हा पुन्हा धडपडतो. कितीही दिवस मिळाले तरी तो म्हातारा वाचत नाही. पण ज्या फिलने आधी त्याला टाळलं होतं, तोच आता त्याला समोर बसवून सूप पाजतो. मरण बदललं नाही, फिल बदलला.

हे सगळं पटलं आणि दुसऱ्या दिवशी मी आईला गाडीत घालून थेट लेण्याद्रीला नेलं. पायथ्याशी उभा राहून तीनशेच्या आसपास पायऱ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "आई, डोली करू." ती म्हणाली, "नको."

"अगं, अण्णांची इच्छा होती."

"त्यांची होती ना. माझे गुडघे कसे आहेत, विचारलंस का? मला ओझरला जायचंय. किती दिवस म्हणतेय."

मला खरंच आठवेना ती कधी म्हणाली होती.

तेव्हा लख्ख कळलं. मी आईला घेऊन आलोच नव्हतो. तिला गाडीत बसवून मी तीन वर्षं मागे निघालो होतो, अण्णांचं राहिलेलं उरकून स्वतःला मोकळं करायला. आणि त्या नादात तीच चूक पुन्हा करत होतो. समोरचं माणूस बोलतंय आणि माझं लक्ष नाही!

खालूनच गिरिजात्मजाला हात जोडले आणि ओझरला गेलो. विघ्नहराला चढ नाही. दर्शन झाल्यावर आई कुकडीच्या काठी बराच वेळ बसून होती. मी फोन गाडीतच ठेवला होता. अण्णांची रुखरुख गेली नाही. जाईल असं वाटतही नाही. ती माझ्या इतिहासात राहणार.

आजचा संकल्प एवढाच : ज्याचं राहून गेलं त्याचं नाव मनात घ्या, आणि जे समोर आहे त्याला विचारा, "तुला कुठं जायचंय?"

राम कृष्ण हरी.