पाणी कुणाचं?

महिन्यातल्या एका रविवारी मी मुंबईत लोकांना पाणी दाखवत फिरवतो. सकाळी सातला चर्चगेट स्टेशनबाहेर वीस-पंचवीस माणसं जमतात. टोप्या, कॅमेरे, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. समुद्र मी दाखवत नाही, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. खाऱ्या पाण्याच्या मिठीतलं हे शहर गोडं पाणी कुठून प्यायलं, एवढाच आमचा विषय.

सुरुवात क्रॉस मैदानाजवळच्या भिखा बेहराम विहिरीपासून. १७२५ सालची विहीर, समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोड. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाही तहानलेल्यासाठी ती खणली, असं सांगतात. आज आत फक्त पारशांना प्रवेश आहे, त्यामुळे ही गोष्ट आम्ही बाहेर उभं राहून ऐकतो. मग धोबी तलाव, जिथे तलाव नाही. सी. पी. टँक, जिथे टँक नाही. पायधुनीला पूर्वी खाडीच्या पाण्यात पाय धुतले जात, म्हणून ते नाव. हे सांगितलं की कुणीतरी हमखास स्वतःच्या बुटांकडे बघतं. शेवट भात बाजारातल्या केशवजी नाईकांच्या पाणपोईपाशी. मुंबईच्या बोलीत प्याऊ. १८७६ साली बांधलेली, नक्षीदार दगडाची. तिथे मी पाणी पाजण्याच्या पुण्याबद्दल बोलतो आणि शेवटी विचारतो, ‘‘मग पाणी कुणाचं?’’

उत्तर ठरलेलं असतं. ‘‘सगळ्यांचं.’’ टाळ्या, फोटो, जवळच्या हॉटेलात चहा.

एका रविवारी मागून एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘‘आमचं.’’

सगळे हसले, मीही हसलो. तीही हसली, पण उत्तर तिने मागे घेतलं नाही. ‘‘शहापूर तालुक्यात, तानसाजवळ माझ्या मामाचं गाव आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मे महिन्यात तिकडे टँकर येतो. इकडे मी नळाचं पाणी पिते, ते तिथलंच ना?’’

तिथलंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विहार १८६० साली, मग तुळशी, १८९२ साली तानसा, पुढे वैतरणा, भातसा. तहान वाढली तसं शहर आणखी लांबच्या डोंगरात हात घालत गेलं. इथल्या विहिरी मलेरियाच्या भीतीने झाकल्या, बुजवल्या, कारण तोवर नळ आला होता. सनावळी मला पाठ आहे. फक्त ती मी चालता चालता, रस्ता ओलांडताना उरकत असे. जलवाहिनीपाशी थांबून दाखवण्यासारखं काही नसतं. पाणपोईला चेहरा असतो, देणाऱ्याचं नाव दगडात कोरलेलं असतं. ज्यांच्या उशाशी धरण बांधलं, त्यांचं नाव कोरायला दगडच नाही. मी इतकी वर्षं लोकांना दातृत्व दाखवत होतो आणि घेण्याची बाजू गाळत होतो.

दान आणि हक्क यांतला फरक मला कळत नव्हता, असंही नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. ती ओंजळ कुणाच्या पुण्याईची नव्हती. याच मुंबईत, वस्ती बेकायदा ठरली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क संपत नाही, हे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर २०१४ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. हे मी सांगतोही, मोठ्या आवाजात. पण झोपडीतला तो हक्काचा नळसुद्धा त्याच डोंगरातून येतो. हक्काची भाषा शहराच्या वेशीपर्यंत ठणठणीत असते, वेशीपलीकडे तिचा आवाज बसतो. दीड-एक कोट माणसांनी पाणी पिऊ नये, असं कोण म्हणेल? मी तर म्हणणार नाही. सकाळी नळ गेला की सोसायटीच्या सेक्रेटरीला पहिला फोन माझाच असतो.

मग उपाय सोपा वाटला. एक बस करायची आणि फेरी तानसापर्यंत न्यायची. मुलीला विचारलं. ती जरा गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘तिथे काय दाखवाल? धरण की माझी मामी?’’

या प्रश्नावर मी आजही अडकून आहे. न दाखवणं ही लपवाछपवी, तर दाखवायचं म्हटलं की हंडा घेऊन चढ चढणारी बाई पाणपोईच्या रांगेत जाऊन बसते, आणखी एक बघण्यासारखी गोष्ट म्हणून. पंचवीस जण हळहळतील, फोटो काढतील, परतीच्या वाटेवर बाटल्या उघडतील. ‘जाणीव निर्माण होते’ असं आम्ही फिरवणारे लोक म्हणतो. होत असेल. पण जाणिवेने हंडा भरत नाही, आणि जिच्या डोक्यावर तो असतो तिला आपण कुणाची तरी जाणीव व्हावं अशी हौस नसते.

बस केली नाही. मे महिन्यात मी एकटाच त्या मुलीबरोबर गेलो, कॅमेऱ्याशिवाय. आसनगावला उतरून पुढे जीपने. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता. ओसरीच्या कोपऱ्यात निळा पिंप, त्यावर झाकण, झाकणावर दगड.

टेकलो तोच मामी आतून तांब्या-भांडं घेऊन आली. उन्हातून आलेल्याला आधी पाणी, मग बाकीचं. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की इथे पाणी घ्यायचं नाही, पिशवीत माझी बाटली होती. पण भांडं समोर आलं आणि नको म्हणणं म्हणजे तिच्या दारात तिचाच अपमान करणं, हे लख्ख कळलं. अर्धं पिऊन ठेवावं, तर उष्टं पाणी कोण पिणार? मी भांडं रिकामं केलं. पाणी गार होतं.

‘‘आणखी देऊ?’’ मामीने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तांब्या कलता केला.