चित्रकारांचे गाव

एखाद्या गावात चित्रकार येऊन राहिले की काही वर्षांनी ते गाव त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागते. मग लोक तेथे जातात ते गाव पाहायला नव्हे, चित्रात पाहिलेले गाव शोधायला. पिढ्यान् पिढ्या तेथे नांगर धरणारा माणूस या पाहुण्यांना वाटेत मध्येच उभा असल्यासारखा वाटतो. अशा वेळी गाव कुणाचे म्हणावे? तेथे राबणाऱ्याचे, की डोळे भरून पाहणाऱ्याचे?

फ्रान्समधल्या जिव्हर्नी या खेड्यात १८८३ साली क्लोद मोने बिऱ्हाड घेऊन आला. इंप्रेशनिस्ट म्हणून ज्यांची आधी टिंगल झाली आणि मागून ज्यांच्या चित्रांना सोन्याचे मोल आले, त्या चित्रकारांचा हा अग्रणी. वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेला त्या घटकेचा उजेड रंगवावा, हा या मंडळींचा ध्यास. चारपाच वर्षांत अमेरिकेतले तरुण चित्रकारही तेथे येऊ लागले आणि त्या खेड्याची चित्रकारांची वसाहत झाली.

१८९१ साली मोने शेजारच्या लिमेझ गावच्या नदीकाठची पॉप्लरची झाडे रंगवीत होता. झाडे गावाच्या मालकीची. गावाने ती लिलावात काढली आणि चित्रे तर अर्धीच झालेली. तेव्हा त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याशी बोलून, पदरचे पैसे घालून, ती काही महिने उभी ठेवविली. हा व्यवहार मला फार आवडतो. पाहण्याचेही मोल असते आणि ते मोजावे लागते, हे त्यात मान्य केलेले आहे.

दोन वर्षांनी मात्र निराळे घडले. मोनेला बागेत कमळांचे तळे करायचे होते व त्यासाठी एप्त नदीच्या फाट्याचे पाणी आत घ्यायचे होते. गावकऱ्यांनी हरकत घेतली. या परदेशी वनस्पतींनी पाणी नासेल. आमच्या बायका तेथे कपडे धुतात, गुरे तेच पाणी पितात, असे त्यांचे म्हणणे. मोने संतापला. अखेर सरकारी परवानगी मिळाली, तळे झाले, आणि १९२६ साली मरेपर्यंत तो त्यातली कमळे रंगवीत राहिला. ही हकीकत सांगणारे बहुधा त्या गावकऱ्यांना हसतात. काय अडाणी लोक!

मला हसू येत नाही. मी खानदेशातला माणूस. आमच्याकडे पांझरेवरच्या जुन्या बंधाऱ्यांतून पाटाने फडाला पाणी जाई, आणि पाटकरी ज्याची पाळी असेल त्यालाच ते देई. पद्धत आता पूर्वीसारखी राहिली नाही. पण पाणी एकट्याचे नसते ही समज राहिली आहे. देवळाच्या बागेसाठी कुणी मध्येच पाट फोडला असता, तरी गाव चावडीवर जमले असते. जिव्हर्नीच्या बायकांनी तोच प्रश्न विचारला. पुढे पाणी नासले नाही, म्हणून तो प्रश्न चुकीचा ठरत नाही. आणि जी चित्रे अजून काढलीच नव्हती, त्यांची थोरवी १८९३ साली त्यांनी कशी जोखावी?

असे एक गाव आमच्याही उशाशी आहे. इंप्रेशनिस्टांच्या पंथाला ज्या चित्रावरून नाव पडले ते सूर्योदयाचे चित्र १८७२ चे. त्याच साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला चित्रांच्या नकला करायला आले. त्यांच्या आधी, १८४४ पासून, मेजर रॉबर्ट गिल हेच काम करीत होता. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळ १८६६ च्या आगीत जळाल्या, ग्रिफिथ्सच्याही पुष्कळशा तिकडेच १८८५ च्या आगीत गेल्या. एवढी माणसे आली, वर्षानुवर्षे राहिली. त्यांचे पाणी कुणी भरले, चुली कुणी पेटवल्या?

हा प्रश्न खरे तर माझा नव्हे. धरणगावाहून सहल नेली होती, तेव्हा सतराव्या लेण्यात सगळे माना वर करून पाहत असता एका पोराने विचारले, "गुरुजी, हे काढणाऱ्यांना भाकरी कोण द्यायचं?" मी त्याला सांगितले की सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात ते कोरविणाऱ्या वराहदेवाचे, वाकाटकांच्या मंत्र्याचे, नाव आहे. "आणि भाकरी करणारीचं?" ते नाही, असे म्हटल्यावर तो पुन्हा वर पाहू लागला, पण मला वाटते, आता निराळ्या नजरेने.

परतताना मुलांना अजिंठा गावात नेले. तेथे पारोची कबर आहे. गिलच्या सहवासात राहिलेली ही गावची बाई. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' या दीर्घकाव्यात तिला मराठीत आणले, २०१२ साली तिच्यावर बोलपटही निघाला. परंतु या साऱ्याच्या कितीतरी आधी गिलने दगडावर तिचे नाव कोरवून घेतले, आणि खाली तारीख, २३ मे १८५६. चित्रकारांच्या त्या साऱ्या वर्दळीत गावातल्या एका माणसाचे नाव लिहून ठेवलेले मला सापडले ते एवढेच. नकला जळाल्या, दगड आहे. मुलांनी त्यावरची धूळ हाताने पुसली. गिल १८७९ साली वारला. त्याला भुसावळला पुरले.