शून्य आणि मौन

'मजपाशीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं,' असें एखाद्यानें म्हणणें आणि त्यानें मुळींच कांहीं न म्हणणें, या दोन गोष्टी एकच आहेत काय? व्यवहारांत आपण त्यांस बहुधा एकच समजतों. परगांवीं गेलेल्या मुलाचा निरोप नाहीं, त्या अर्थीं तो खुशाल असावा, असें आईबाप मानतात. गाऱ्हाणें आलें नाहीं, त्या अर्थीं अन्याय झाला नसावा, असें अधिकारी मानतो. या समजुतीचा अत्यंत काटेकोर विचार नीतिशास्त्रापासून दूरच्या एका प्रांतांत, कारखान्यांतील मापनविद्येंत, झालेला आढळतो.

टाकींतील पाण्याची उंची किंवा बाष्पाचा दाब दूरच्या नियंत्रणकक्षास कळविण्यासाठीं तेथील उपकरण तारेंतून विजेचा क्षीण प्रवाह पाठवितें. सामान्य बुद्धि म्हणेल, टाकी रिकामी असतां प्रवाह शून्य असावा. पण सर्वत्र रूढ असलेली पद्धति तशी नाहीं. रिकाम्या टाकीचा संकेत ४ मिलिअँपिअर, अर्ध्या टाकीचा १२ आणि भरलेल्या टाकीचा २०. पूर्वीं हेच निरोप नळींतील हवेच्या दाबानें जात, तेव्हांहि दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड असें प्रमाण असे. शून्य टाळण्याचें कारण उघड आहे. तार तुटली तरीहि प्रवाह शून्यच होतो. मग रिकाम्या टाकीची वार्ता आणि वार्ताहराचा मृत्यु यांत भेद कसा करावा? म्हणून सांगण्याजोगें कांहीं नसतांनाहि उपकरणानें ४ मिलिअँपिअर पाठवीत राहावयाचें. यास 'जिवंत शून्य' म्हणतात. पुष्कळ उपकरणें आपला स्वतःचा निर्वाहहि याच अल्प प्रवाहावर चालवितात.

संकेतावर पुढें जे संस्कार होतात, त्यांतहि हीच दक्षता असते. भट्टीची उष्णता मोजणाऱ्या, दोन धातूंच्या सांध्यापासून मिळणारा संकेत फार दुर्बळ असतो. नेहमींच्या वापरांतील एका प्रकारांत तो दर अंशास सुमारें ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा पंचवीस हजारावा भाग, इतकाच भरतो. तो वाढवावा लागतो, शेजारच्या यंत्रांचा गोंगाट त्यांतून गाळावा लागतो. परंतु सांधा तुटल्यास आंकडा मुद्दाम टोकास जावा, अशीहि योजना करून ठेवितात. संस्कारानें आवाज स्पष्ट करावा. खोटी शांतता निर्माण करूं नये.

ही दक्षता सुटली म्हणजे काय होतें, हें २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियांत दिसलें. थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत पहांटे दाब उतरविणारी एक झडप उघडली आणि ती पुन्हां न मिटतां अडकून राहिली. नियंत्रणकक्षांतील तिचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेच्या स्थितीशीं जोडलेला नव्हताच. झडप उघडी ठेवण्यासाठीं वीज दिली जात आहे कीं नाहीं, एवढेंच तो सांगे. मिटण्याची आज्ञा सुटली होती. कर्मचाऱ्यांनीं अर्थ घेतला, झडप मिटली. दोन तासांहून अधिक काळ त्या वाटेनें पाणी वाहत राहिलें. आंत पाणी पुष्कळ आहे अशा समजुतीनें आणीबाणीचा पुरवठाहि कमी करण्यांत आला. अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारें अर्धा भाग वितळला.

कोणी म्हणेल, मौनावरून अनुमान केल्यावांचून संसार चालत नाहीं. प्रत्येकाची प्रत्येक घटकेस चौकशी कोण करणार? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. मौनावरून अनुमान करण्याचा अधिकार त्यालाच, ज्यानें वाट चालू असल्याची आधीं खात्री करून घेतली आहे. हा भार बोलणाऱ्यावर टाकतां येत नाहीं. कारण आपण तुटलों आहों, हें तुटलेली तार कळवूं शकत नाहीं. कचेरींतील तक्रारींची पेटी रिकामी राहिली, तर तेथें सुख आहे असा अर्थ होईल, किंवा तक्रार करणाऱ्याचें पुढें काय होतें हें सर्वांस ठाऊक झालें आहे, असाहि होईल. घरांतील वृद्ध आई, नवी सून, वर्गांत मागच्या बाकावर बसणारा विद्यार्थी यांच्या गप्प राहण्याचेहि असेच दोन अर्थ संभवतात. ते ओळखण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाहीं. कांहीं काम नसतांनाहि विचारपूस करण्याचा प्रघात लागतो. या विचारपुशीस आपण पुष्कळदां निरर्थक उपचार म्हणतों, पण तार जिवंत आहे हें तिच्यावरूनच कळतें. मात्र तिचें उत्तर आपणच पढविलेलें नसावें. तसें असेल, तर पेनसिल्व्हेनियांतील त्या दिव्याप्रमाणें तें आपलीच आज्ञा आपणांस परत ऐकवील, आणि आपण तिला वस्तुस्थिति समजूं.