गाळ्याचा हक्क : अदल आणि एहसान

समजा, पाचोडला महामार्गालगत एक गाळा आहे. वीस वर्षांपूर्वी तो तोंडी बोलीवर, दरमहा भाड्याने दिला गेला. भाडेकरूने मोसंबीच्या प्रत्येक हंगामात कष्ट उपसून दुकानाला नाव मिळवून दिले. आज जागेचे मोल वाढले आहे. मालक म्हणतो, "जागा माझी, रिकामी करा." भाडेकरू म्हणतो, "गिऱ्हाईक मी जोडले. पगडी मिळाल्याशिवाय उठणार नाही." दोघेही नमाजी, एकाच सफमध्ये उभे राहणारे. मग हक्क कोणाचा?

शरीअत भाडेकराराला इजारा म्हणते. इजाऱ्यात जागा विकली जात नाही. ठरलेल्या मुदतीपुरता तिचा उपयोग दिला जातो. हनफी फिकहनुसार मुदत न ठरवता केवळ दरमहा भाडे ठरले, तर करार एका महिन्याचा असतो आणि पुढचा महिना सुरू होताच तेवढ्यापुरता नवा होतो. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही, वेगळा करार वा स्थानिक कायदा नसेल तर, दुकानाचे भाडे महिनेवारी मानतो आणि ते संपवण्यासाठी 15 दिवसांची नोटीस आवश्यक ठरवतो.

पगडीविषयी आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये जेद्दा येथे निर्णय दिला. मुदत शिल्लक असताना भाडेकरूने आपला उरलेला हक्क सोडण्याचा मोबदला परस्परसंमतीने घेणे वैध आहे. मुदत संपल्यावर असा मोबदला मागणे वैध नाही.

"पण कायदा मला संरक्षण देतो," असे कोणी म्हणेल. मुंबईत 1947 च्या कायद्याने असंख्य जागांची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली. म्हणजे कायद्याच्या आडोशाला मिळालेला प्रत्येक लाभ न्याय्य असतोच असे नाही.

तर मग मालक पूर्ण मोकळा झाला का? नाही. सूरह नहलच्या नव्वदाव्या आयतीत अल्लाहने अदलसोबत एहसानचीही आज्ञा दिली आहे. मुदत संपताच जागा परत करणे हा अदल आहे. ऐन बहारात कुलूप न ठोकता हंगाम पदरात पडेपर्यंत थांबणे, नवी जागा शोधण्यास अवधी देणे, हा एहसान आहे. भाडेकरूने एहसान हक्क म्हणून मागू नये, कारण मागून वसूल केलेला एहसान एहसान उरत नाही. आणि मालकाने अदलच्या आड लपून एहसान टाळू नये, कारण त्याच्या जागेचे मोल वाढण्यात त्या वीस वर्षांच्या वर्दळीचाही वाटा आहे.

सूरह बकरातील कुरआनची सर्वांत दीर्घ आयत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्यास आणि साक्षीदार नेमण्यास सांगते. गाळा देता-घेताना आपण विश्वासाच्या नावाखाली हीच आज्ञा मागे टाकतो. लिहिण्याने विश्वास कमी होत नाही. तो दोघांच्या वारसांपर्यंत टिकतो. म्हणून मुदत, भाडे, वाढ आणि रिकामे करण्याची रीत आजच कागदावर आणा.

अल्लाह आपल्या व्यवहारांत अदल आणि मनांत एहसान देवो. आमीन.