घरभेदी कोण?

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या दलदलीत एक प्राणी पकडला जातो. त्याला मारत नाहीत. शस्त्रक्रिया करून त्याला निर्बीज करतात, गळ्यात ट्रॅकिंग कॉलर बांधतात आणि सोडून देतात. प्राणी सोबतीने राहणारा असल्यामुळे तो आपल्या जातीचे इतर शोधत निघतो. ते सापडले की मागोमाग माणसं येतात, सापळे लावतात, त्यांना मारतात. कॉलरवाला एकटा उरतो आणि पुन्हा शोधायला निघतो. अशा प्राण्याला तिथे ‘ज्यूडास’ म्हणतात. ज्यूडास म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य.

हा प्राणी न्यूट्रिया. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या घुशीच्या कितीतरी पट मोठा, नऊ किलोपर्यंत भरणारा, नारिंगी दातांचा. पोहतानाही पिल्लांना पाजता यावं म्हणून मादीचे सड पोटाखाली नसून कुशीला, बरेच वर असतात. कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा १८९९ मध्ये आणला, फरसाठी. पुढे सत्तरच्या दशकापर्यंत तिथून तो संपवला गेला असं मानलं जात होतं. २०१७ मध्ये मर्सेड काउंटीत तो पुन्हा सापडला.

त्याला मारावं का, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. न्यूट्रिया पाणवनस्पती मुळासकट उपटून खातो आणि बांधात बिळं करतो. शेजारच्या डेल्टामधली कित्येक शेतजमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांधांच्या भरवशावर. अडीच कोटींहून जास्त लोकांच्या पाण्याचा काही वाटा तिथून येतो. अर्धवट मारण्यालाही अर्थ नाही. मादी चार-सहा महिन्यांत वयात येते आणि व्याल्यावर दोनेक दिवसांत पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एक जोडी निसटली तरी आधीची सगळी मारामारी फुकट. लुइझियानात संख्या इतकी वाढली की तिथे २००२ पासून शेपटीमागे पैसे देऊन दरवर्षी मारणं चालूच आहे. त्याला शेवट नाही. शेवटचे लपलेले चार शोधून देणारी कॉलर हिशेबाने पाहिली तर एकूण मरणं कमीच करते. कोडिंग करणाऱ्या माणसाला हा हिशेब पटायला वेळ लागत नाही.

तरीही काहीतरी टोचतं. साधा सापळा प्राण्याच्या भुकेचा फायदा घेतो. कॉलर त्याच्या सोबतीच्या ओढीचा फायदा घेते, आणि तोही एकदा नाही. प्रत्येक वेळी त्याची सोबत हिरावून घ्यायची, म्हणजे तो पुन्हा कामाला लागतो. त्याचं एकटेपण हेच या यंत्रणेचं इंधन आहे. आणि वर नाव काय, तर गद्दाराचं.

ज्यूडासने चांदीची नाणी घेतली होती. आपण ज्याला घरभेदी म्हणतो त्या बिभीषणाने निदान भावाशी वाद घालून, विचार करून बाजू बदलली. दगा द्यायला आधी दोन बाजू कळाव्या लागतात. न्यूट्रियाला तर बाजू आहेत हेच ठाऊक नाही. पिंजऱ्यातल्या पाळीव तितराच्या आरोळीवर रानातले तितर बोलावून पकडणं आपल्याकडेही जुनंच, पण त्या पाखराला कुणी फितूर म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. फासे लावणारा माणूस होता, हे सगळ्यांना माहीत असायचं.

‘नुसतं नाव तर आहे’ असं कुणी म्हणेल. पण नावाने काम सोपं होतं. बंदूक आपली, कॉलर आपली, फरसाठी त्याला इथवर आणणारेही आपणच. फक्त विश्वासघात तेवढा प्राण्याच्या खात्यावर. मोहीम थांबवा असं मी म्हणणार नाही. मी त्या टीममध्ये असतो तर कॉलरचं सॉफ्टवेअर लिहिलंही असतं. फक्त डेटाबेसमधल्या त्या रकान्याला ‘ज्यूडास’ हे नाव दिलं नसतं. ‘आम्ही सोडलेला’ एवढं पुरे.

मोहीम यशस्वी होतेय हे कळायची एक खूण अशी: नकाशावरचा तो ठिपका दिवसेंदिवस भटकतो, लांबलांबच्या कालव्यांपर्यंत जातो, आणि त्याला कुणीच भेटत नाही.